भाच्याचा एल्क आणि तीन पाती : मेळघाटच्या पायथ्याशी घेतलेला एक निर्णय

मी शिकारी नाही. परतवाड्यापासून आत, मेळघाटच्या पायथ्याशी आमचं गाव आहे आणि तिथं मी पोरांना टार्गेटची तिरंदाजी शिकवतो. 50 मीटरवर 80 सेंटिमीटरचं टार्गेट, त्यात दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं, एवढंच माझं जग. नागपूरच्या ओजस देवतळेनं 2023 मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये तीन सुवर्णपदकं मिळवली, तेव्हापासून कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य काय असतं हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. शिकारीचं पातं, म्हणजे ब्रॉडहेड, मात्र मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं ते दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, बहिणीच्या ओसरीवर.

भाचा बारावीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकला. आता अमेरिकेत, कोलोरॅडोत नोकरी करतो. तिकडे परवाना काढून एल्कची, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाची, शिकार करता येते, आणि धनुष्याचा हंगाम सप्टेंबरमध्ये, फक्त महिनाभराचा. 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स करावा लागतो, तोही त्यानं केला होता. नर-मादी कुठलाही चालेल असा परवाना हातात होता. अडलं होतं एका गोष्टीपाशी: बाणाच्या टोकाला काय लावायचं?

त्यासाठी त्यानं तीन प्रकारची तीन-तीन पाती चेक-इन बॅगेत टाकून थेट गावी आणली. मला विचारलं असतं तर आणू नको म्हटलं असतं. नऊ पाती मोजून माझ्या लोखंडी पेटीत ठेवली आणि किल्ली कंबरेला. बहीण माळकरी. ती म्हणाली, "माया घरात त्या वस्तूचं नाव काढू नका," आणि आत निघून गेली. पुढचं सगळं वावरातच झालं.

भाच्याची बाजू काय होती

निर्णय पात्याचा असला तरी सुरुवात धनुष्यापासून होते, कारण पातं धनुष्याच्या ऐपतीबाहेरचं असून चालत नाही. भाच्याचं धनुष्य 60 पाउंडांचं, म्हणजे 27 किलो ओढीचं. त्याची ओढ, म्हणजे ताणल्यावर दोरी जिथवर येते ती लांबी, आखूड, 27 इंच. तिकडच्या जाहिरातींत 70 पाउंड आणि 30 इंच ओढ असलेले सहा फुटी गडी असतात, त्यांचे आकडे याला लागू नाहीत. त्याचा बाण 100 ग्रेनच्या टोकासकट 380 ग्रेन, म्हणजे 25 ग्रॅमच्याही आत. वेग यंत्रावर सेकंदाला 265 फूट भरला. हिशेब करता सुमारे 59 फूट-पाउंड ऊर्जा होते. बाण बनवणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्त्यात एल्क, काळं अस्वल, रानडुक्कर यांच्यासाठी 42 ते 65 फूट-पाउंड दिलेले असतात. तक्त्यानं पाहिलं तर भाचा पास.

"मंग काळजी कायची?" असं मीच म्हटलं. तो म्हणाला, "मामा, मादीचं वजन सव्वादोनशे किलो, नर तीनशेच्या वर. आपल्या रोह्यापेक्षा (नीलगाईपेक्षा) मोठं जनावर आहे. अन् मी एकदाही जिवंत वस्तूवर बाण सोडला नाही."

माझा विद्यार्थी आहे म्हणून सांगत नाही, पण यातलं दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं होतं. 50 मीटरवर त्याचे सहा बाण वाटीएवढ्या जागेत बसतात. एल्कच्या फुप्फुसांची जागा आडव्या उभ्या जनावरात परातीएवढी. तो 27 मीटरवरून, म्हणजे 30 यार्डांवरून, चुकणार नाही असं कागदावर वाटतं. पण टार्गेट पाऊल पुढे टाकत नाही. हात थरथरणं, झुडपाची काडी, जनावराचं वळणं, यांतलं काही ना काही होणारच. म्हणून मी पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकलं की नीट बसलेल्या बाणासाठी पातं निवडायचं नाही. नीट बसलेल्या बाणाला धारदार कुठलंही पातं चालतं. चुकलेला बाण कुठं लागेल, ते धरून निवडायचं. हे ठरवताना मी स्वतःही अर्धं चुकलो होतो, ते सप्टेंबरमध्ये कळलं.

आणखी एक गोष्ट मला शिकून घ्यावी लागली. बंदुकीची गोळी धक्क्यानं पाडते. बाण तसा पाडत नाही, तो कापतो. रक्त जाऊन जनावर पडतं, किंवा दोन्ही फुप्फुसं फुटून श्वास बंद होतो. त्यामुळे तीनच गोष्टी बघायच्या: धार किती, कापाची रुंदी किती आणि घुसतं किती. वैताग असा की या तिन्ही एकमेकींच्या हिश्श्याचं खातात.

पेटीतली नऊ पाती

पहिला प्रकार घडीचा. पाती मिटलेली असतात, लागल्यावर उघडतात आणि दोन इंच, म्हणजे 51 मिलिमीटर रुंद कापतात. भाच्याचं मन यावरच बसलेलं. कारण साधं: मिटलेलं असताना ते हवेत सरावाच्या टोकासारखंच जातं, नव्यानं काही जुळवावं लागत नाही. दुसरा प्रकार तीन पात्यांचा, न उघडणारा. पाती ब्लेडसारखी बदलता येणारी, जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड, काप सव्वा इंचाच्या थोडा आत. हे दोन्ही 100 ग्रेनचे. तिसरा दोन धारांचा, एकाच पोलादी तुकड्यातून काढलेला, 125 ग्रेन म्हणजे 8 ग्रॅमचा. त्याचं पातं दुसऱ्याच्या दुप्पट जाड, काप तेवढाच पण एकाच रेषेत. कोलोरॅडोच्या नियमात पातं किमान 7/8 इंच, म्हणजे 22 मिलिमीटर रुंद हवं आणि पोलादी धारा किमान दोन हव्यात. तिन्ही त्यात बसत होते.

तिसरं पातं मी गावातल्या लोहाराला दाखवलं. त्याच्या भात्यापाशी बसून आम्ही चहा पीत होतो. त्यानं ते बोटांत फिरवलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, "हे तं पटाशीवानी हाये. एकाच बाजूनं उतरवलं." बरोबर होतं. सुताराची पटाशी जशी एका अंगानं उतरती आणि दुसऱ्या अंगानं सपाट, तशा या पात्याच्या दोन्ही धारा. पटाशी लाकडात सरळ न जाता एका अंगाला ओढते हे कुणाही सुताराला माहीत असतं. या पात्यात दोन्ही धारा उलटसुलट बाजूंनी उतरवलेल्या, त्यामुळे ते आत जाताना फिरतं, आणि हाडात फिरलं की हाड तडकतं. बाणाची पिसं त्याच दिशेनं पिळलेली हवीत, नाहीतर हवेत एक फेर आणि आत दुसरा.

मग त्यानं धार अंगठ्याच्या नखावर टेकवली, जराही न दाबता. पातं नखावरून घसरलं. "घसरलं पाय. धार असती तं अडकलं असतं." तेच त्यानं दुसऱ्या पाकिटातल्या पातळ ब्लेडनं केलं, ते नखात रुतलं. म्हणजे तिघांतलं सगळ्यात महागडं पातं पाकिटातून भोथरं निघालं होतं. भाचा चकितच झाला. लोहारानं बारीक दगडावर पाण्याचा हात देत देत वीसेक मिनिटांत धार आणली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा रबर ताणून त्यावर पातं नुसतं ठेवलं, तर रबर तुटलं. त्या पातळ ब्लेडबद्दलही तो एक वाक्य बोलला, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: "लय कडक केलं तं तुटते, नरम ठेवलं तं वयते. अन् पातळ असलं तं काही बी केलं तरी भरवसा नाई."

वावरातले चार दिवस

तूर-कपाशी निघून वावर उघडं पडलेलं होतं, पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर. सकाळी सहा ते साडेआठ, त्यानंतर ऊन उभं राहू देत नाही.

पहिल्या दिवशी आधी फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाची टोकं, आणि मग ब्रॉडहेड, 20, 30 आणि 40 यार्डांवरून. घडीचं पातं सरावाच्या टोकाच्या शेजारीच बसलं. तीन पात्यांचं 30 यार्डांवर बोटं पसरलेल्या पंज्याएवढं उजवीकडे गेलं, 40 वर त्याहून बाहेर. भाच्याचा चेहरा उतरला. मला मात्र बरं वाटलं. पुढे पाती असली की ती बाणाच्या तोंडाशी पंख असल्यासारखी वागतात. बाण धनुष्यातून जरा जरी तिरपा निघाला तर मागची पिसं सांभाळायच्या आत पुढचे पंख त्याला ओढून नेतात. म्हणजे पातं धनुष्याची चूक दाखवत होतं, आणि घडीचं पातं तीच चूक झाकत होतं. चूक दोन्हीकडे तेवढीच. तिरपा जाणारा बाण लागतोही तिरपाच, आणि तिरपा लागला की घुसणं बरंच कमी होतं.

बाण टेकतो तो रेस्ट सरकवायचा, ज्या बाजूला सरावाची टोकं लागलीत त्या बाजूला, एका वेळी मिलिमीटरपेक्षाही कमी. दोन सकाळी त्यातच गेल्या. मध्ये कळलं की बाणाची काडीच नरम पडते आहे. पुढे वजन वाढवलं की काडी जास्त वाकते. 400 ची काडी होती, 340 ची लागली (आकडा जितका लहान तितकी काडी कडक). त्या मापाच्या काड्या माझ्याकडे होत्या, हे नशीब. टोक 125 चं, टोक ज्यात बसतं ती आतली पितळी इन्सर्ट 15 ऐवजी 50 ग्रेनची, काडी 20 ग्रेनने जड. बाण 460 ग्रेनवर गेला. वेग 265 वरून 243 फुटांवर आला.

भाच्यानं लगेच नाक मुरडलं, "22 फूट गेले." मी म्हटलं, हिशेब कर. ऊर्जा 59 ची 60 झाली, म्हणजे जवळपास जागच्या जागीच. पण वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेग, अकरा टक्क्यांनी वाढला. घुसण्याच्या कामाला संवेगच जास्त विचारतो. भरलेली बैलगाडी आणि मोकळी मोटरसायकल थांबवून पाहिली की हे कळतं, आकडे लागत नाहीत. बाणाचा तोल आधी मध्यापासून लांबीच्या 10 टक्के पुढे होता, तो आता 15 टक्क्यांच्या आसपास आला. धनुष्याचा आवाजही कमी झाला.

इथे डॉ. एड अॅशबी यांचं नाव येतंच. त्यांनी 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये मोठ्या जनावरांत बाण किती घुसतो याच्या नोंदी ठेवल्या, आणि जाड हाड फोडायचं तर बाण 650 ग्रेनच्या वर हवा, पुढे जड हवा, पातं दोन धारांचं आणि एकाच अंगानं उतरवलेलं हवं, असं ते सांगतात. भाच्याला आता 650 चा मोह पडला. आमच्या धनुष्यातून तेवढा बाण सेकंदाला सव्वादोनशे फुटांच्याही बराच खाली येतो. मग अंतर ओळखण्यात तीन-चार यार्डांची चूक झाली तरी बाण ठरल्या जागेच्या बराच खाली लागेल. ज्याला डोंगरात अंतर ओळखायची सवय नाही त्यानं एवढा जड बाण घेऊ नये, असं माझं मत. 460 वर थांबलो.

तिसऱ्या दिवशी नाल्याकाठून एक हाड आणलं. दोन वर्षांपूर्वी वीज पडून मेलेल्या बैलाचं फऱ्याचं, म्हणजे खांद्याचं, हाड, उन्हानं पांढरं झालेलं. भाच्याला मी ते सूर्यासमोर धरायला लावलं. हाडाचा मधला पत्रा इतका पातळ की आरपार केशरी उजेड दिसतो, कानाच्या पाळीतून दिसतो तसा. पण त्याच पत्र्यावर मधोमध उभी धार आहे, बोटाएवढी जाड, आणि खाली सांध्याकडे हाड मनगटाएवढं होतं. त्याला म्हटलं, "पत्र्यावर लागलं तर तिन्ही पाती जातील. बोटभर इकडं लागलं तर?" तो बराच वेळ हाडावरून अंगठा फिरवत राहिला. घडीच्या पात्याचा आग्रह मला वाटतं तिथंच सुटला, पुढची चाचणी नुसती खात्रीसाठी.

चाचणी अशी: जुने कपडे ठासून भरलेलं पोतं, त्यापुढे 9 मिलिमीटरचं प्लायवुड, आधी सरळ आणि मग 45 अंशांत तिरपं. प्लायवुड म्हणजे हाड नव्हे आणि पोतं म्हणजे छाती नव्हे, हे आम्हाला कळत होतं. पण तिघांना परीक्षा एकच. सरळ मारल्यावर तिन्ही आत गेली, घडीचं सगळ्यांत कमी, कारण उघडण्यातच त्याचं बळ खर्च होतं आणि दोन इंचांचा काप ओढायला ताकद लागते. तिरप्यावर त्याचं एक पातं आधी उघडलं, बाणाचं शेपूट फेकलं गेलं आणि तो पोत्यात बोटभर जाऊन थांबला. तीन पात्यांचं आत गेलं, पण बाहेर काढलं तेव्हा एक ब्लेड वळलेलं. लोहाराचा शब्द खरा ठरला. दोन धारांचं तिन्ही वेळा पिसांपर्यंत गेलं.

चौथ्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. उगाच 50 यार्डांवरून एक सोडून बघू म्हटलं. बाण पोत्याच्या वरून गेला आणि दिसेनासा झाला. वस्तऱ्यासारखं पातं उघड्या वावरात, जिथं महिन्याभरात बैलं फिरणार आणि बाया अनवाणी निंदायला येणार. साडेआठला शोधायला लागलो ते बारापर्यंत. रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून ओढलं. बाण शेवटी धुऱ्यावरच्या पऱ्हाटीच्या ढिगात, आत दोन हात, सापडला. तेवढ्या उन्हात मी पात्यांबद्दल बहिणीच्या मताला आलो होतो.

शेजारच्या काकांची मागणी

शोधताना शेजारच्या धुऱ्यावरचे काका मदतीला आले होते. पातं सापडल्यावर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, निरखलं, आणि म्हणाले, "यातलं एक मले दे. मागच्या साली डुकरायनं दोन एकर मका झोपवला. जागलीले बसतो अन् एक-दोन पाडतो. आवाज बी नाई."

काकांचं दुःख खोटं नाही. जागलीला जाऊन जाऊन त्यांचा दमा वाढला आहे. पण मी पातं परत घेतलं. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. कायद्याच्या भाषेत शिकारीचा प्रयत्न म्हणजेही शिकार, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये परवानगीची वाट आहे, पण ती वन खात्याच्या लेखी परवानगीनं, रात्री मचाणावर आपल्या मनानं नव्हे. वर आमचं वावर व्याघ्र प्रकल्पाच्या पायथ्याशी. अंधारात मक्यात सळसळलं ते डुक्करच असेल याची हमी कोण देणार? आणि जखमी डुक्कर सकाळी कुणाच्या अंगावर येईल, तर निंदायला आलेल्या बाईच्या.

काका रागावले. "त्याले तिकडं चालते अन् मले इथं नाई." याला माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. तिकडे किती जनावरं काढायची ते दरवर्षी मोजून ठरतं असं सांगून पाहिलं, तर म्हणाले, "इथं बी मोजा ना मंग. माया वावरात या." दुपारी बसून त्यांना वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज लिहून दिला. नऊ पाती मोजली, पेटीत टाकली. भाचा गेला तेव्हा नऊच्या नऊ त्याच्या बॅगेत गेली.

सप्टेंबर

निर्णय झाला तो असा: दोन धारांचं 125 ग्रेनचं पातं, 460 ग्रेनचा बाण, अंतर 30 यार्डांच्या आत, जनावर आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच. समोरून तिरपं असेल तर सोडून द्यायचं, कारण तेव्हा फऱ्याचं हाड आणि सांधा वाटेत येतात. सरावात वापरलेली पाती शिकारीला न्यायची नाहीत. प्रत्येक बाण टोकावर भिंगरीसारखा फिरवून पाहायचा, डगमगला तर बाजूला.

पोळा होऊन गेला होता. कपाशीला पात्या लागल्या होत्या (आमच्याकडे पाती म्हणजे कपाशीची कळी, त्यामुळे फोनवर भाचा "पातं" म्हणाला की बायको हसायची). संध्याकाळी पावणेसातला फोन वाजला. तिकडे सकाळचे सव्वासात. तो रेंजसाठी टेकाडावर चढला होता आणि आवाज हलत होता.

आदल्या दिवशी 25 यार्डांवर एक मोठा नर समोरून तिरपा उभा होता, तो त्यानं सोडून दिला होता. आज 24 यार्डांवर मादी, किंचित पाठमोरी, अगदी हवी तशी. बोट सुटलं आणि त्याच क्षणी तिनं पाऊल पुढे टाकलं. बाण ठरल्या जागेच्या वीतभर मागे लागला. आरपार गेला, पलीकडे जमिनीत रुतला.

मी विचारलं, "रक्त कसं आहे? गुलाबी, फेसाळ?"

"नाही मामा. काळपट लाल. फेस नाही."

"वास?"

"नाही."

काळपट म्हणजे यकृत. गुलाबी फेसाचं फुप्फुसाचं असतं, तिथं अर्धा तास थांबून निघता येतं. हिरवट आणि वास येणारं असेल तर आतडं, मग सहा ते बारा तास. यकृताचं जनावर मरतं नक्की, पण त्याला वेळ लागतो, आणि मागे लागलात तर ते जिवाच्या आकांतानं मैलभर जाऊन हरवतं. हे सगळं मी मे महिन्यात वाचून पाठ केलेलं. मी त्याला म्हटलं, "चार तास हलायचं नाही. घड्याळ लाव."

ते चार तास मी इकडे अंगणात काढले. जेवण गेलं नाही. बहिणीला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलंच. अकराच्या सुमारास ती हरिपाठाची पोथी मिटून म्हणाली, "सापडलं का ते? अर्ध्यात नको मरू देऊ म्हणावं त्याले." आक्षेप होता तो होताच, पण एकदा बाण लागल्यावर तिची काळजी आमच्यापेक्षा जास्त त्या जनावराची होती.

साडेचार तासांनी तो निघाला. पहिल्या चाळीस पावलांत थेंब दिसले. मग काहीच नाही. दोन धारांचा काप म्हणजे एक चीर. जनावर चालायला लागलं की कातडी सरकून ती चीर मिटते, रक्त आतच राहतं. पुढचा तासभर तो खुरांच्या खुणा, मोडलेलं गवत आणि उतार यांच्या अंदाजानं शोधत होता. एकशे ऐंशी-एक मीटर खाली, अॅस्पेनच्या झाडोऱ्यात, ती पडलेली मिळाली. लगेच मांस सुटं करून चार खेपांत गाडीपर्यंत नेलं, सत्तर-एक किलो. तिकडे खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येणं गुन्हा आहे.

अजून न मिटलेला वाद

भाच्याचं म्हणणं असं: "मामा, आपण हाडात लागेल म्हणून पातं निवडलं. लागलं मागे, मऊ जागी. तिथं दोन इंची घडीचं असतं तर यकृत दीडपटीहून जास्त कापलं असतं, रक्ताचा पाट गेला असता आणि मला तास शोधावं लागलं नसतं." हे खरं आहे. चूक फक्त पुढेच होईल असं मी धरून चाललो होतो, ती मागेही होते हे मी विचारातच घेतलं नव्हतं. टार्गेटवाल्याच्या डोक्यात टार्गेट हलत नाही, आणि चालतं जनावर पुढे सरकतं म्हणजे बाण नेहमी मागेच पडणार, हे साधं गणित माझ्याकडून सुटलं.

तरी मी घडीच्या पात्याला हो म्हटलेलं नाही. बाण आरपार गेला, दोन भोकं पडली, म्हणूनच निदान चाळीस पावलं तरी दिशा कळली. 60 पाउंडांत दोन इंची काप आत अडकला असता तर पलीकडचं, खालचं भोक पडलंच नसतं, आणि थेंब जमिनीवर पडतो तो बहुतेक खालच्या भोकातून. शिवाय मागे लागलेल्या जनावराला वेळ देऊन मिळवता येतं, तसं त्यानं मिळवलं. सांध्यात अडकलेला बाण घेऊन गेलेलं जनावर कितीही तास थांबलं तरी मिळत नाही, आणि लवकर मरतही नाही.

मधला रस्ता आता पाकिटात आहे. तीन धारांचं, पण ब्लेड न बदलणारं, एकाच पोलादातून काढलेलं, 125 ग्रेनचं. काप तिकोनी, चिरेसारखा मिटत नाही, आणि जाडी भरवशाची. दोन धारांपेक्षा थोडं कमी घुसेल. भाच्यानं ते मागवलं, मी "धार स्वतः लाव" एवढंच म्हटलं. तीन धारा दगडावर सपाट टेकवून दोन-दोन एकदम घासता येतात, हे लोहारानं व्हिडिओ कॉलवर बघूनच सांगितलं. बैलाचं फऱ्याचं हाड त्याच्याच भात्यावर टांगलेलं आहे, पोरांना दाखवायला मी मागून आणतो.

काकांच्या मक्याचा पंचनामा झाला, पैशाची वाट बघणं चालू आहे. परवा त्यांनी मला धुऱ्यावर अडवून विचारलं, तिकडे तो एल्क पिकात येतो का. मी भाच्याला फोन लावून दिला. तो म्हणाला, येतो ना काका, हिवाळ्यात कळपच्या कळप गवताच्या गंजी खातात, वन्यजीव खातं कुंपणाचं सामान देतं आणि नुकसानीचे पैसेही देतं. काकांनी फोन कानापासून दूर धरला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा कानाला लावून विचारलं, "अन् पंचनाम्याले तिकडं किती दिवस लागते रे बाप्पा?"